रनची भावकी

“ह्यो शब्द तर गाभण निघाला की!”

शेवटच्या बाकावरून हे वाक्य आलं तेव्हा सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजी ‘रन’चा अकरावा अर्थ लिहीत होते. वर्गात कुणालाच ते ऐकू गेलं नाही. मी मात्र त्याच बाकामागे, कपाटाला टेकून वह्या तपासत बसले होते. मला इतकं हसू आलं की मी तोंडासमोर वही धरली.

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. मी तिथं शिकवत नाही, वह्या तपासते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे लिहिण्यात मी कुणाला हार जायची नाही. बोलायचं म्हटलं की मात्र, भाषा कुठलीही असो, जीभ टाळ्याला चिकटते. सर नव्या मुलांना माझी ओळख करून देतात, “हिचं इंग्रजी हातात आहे.”

ते वाक्य ज्यांचं, त्या करमाडहून यायच्या. वय चाळिशीच्या आसपास. सासरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्या स्वतः शेंद्र्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाज्या चिरायच्या. पहिली पाळी संपली की थेट क्लासला. तिथं सुपरवायझरची एक जागा निघाली होती, मुलाखत इंग्रजीतून होणार होती आणि आमच्या क्लासकडून दोनच नावं मागवली होती. त्या दोनांत त्यांना यायचं होतं. “अकरा वर्षं कांदा चिरला. आता दुसऱ्यानं चिरलेला बघायचाय,” एवढंच कारण त्यांनी सांगितलं होतं.

वर्गात सगळे त्यांना ताई म्हणत. मला त्या सरांसमोर मॅडम म्हणायच्या आणि सर खाली चहाला गेले की पोरी.

तुम्ही क्लासच्या वह्या पाहिल्या असतील. आकडे टाकून अर्थ, एकाखाली एक. ताईंच्या वहीत यादीच नव्हती. पानभर अर्थ विखुरलेले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्केचपेनचा ठिपका. मशीन चालणं, दुकान चालवणं हिरवे. नळ सोडणं, नाक वाहणं, धुण्यात साडीचा रंग जाणं निळे. साखर संपणं पिवळं. मला काही कळेना, म्हणून कोपऱ्यात लाल पेनानं एक प्रश्नचिन्ह केलं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्या माझ्यापुढं उभ्या.

“पोरी, हा लाल कुणाचाय? आमच्यात लाल नाय.”

मग उलगडा झाला. दोघांची मेंढरं एकमेकांत मिसळली तर ओळखता यावीत म्हणून पाठीवर ज्याच्या त्याच्या रंगाची खूण असते. वहीतही तसंच. हिरव्यांची भावकी म्हणजे ‘मॅनेज’ आणि ‘ऑपरेट’, निळ्यांची ‘फ्लो’, पिवळ्यांची ‘फिनिश’. “मुलाखतीत रन आठवला नाय, तर भावकीतला दुसरा उभा करायचा. काम अडत नाय.”

मी शाळेत वर्षानुवर्षं समानार्थी शब्द पाठ केले होते. त्यांच्यात नातीगोती असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

त्या दिवसापासून मी झपाटले. जेवतानाही शब्दकोश उघडा. निवडणुकीला उभं राहणं, अंगात ताप असणं, अचानक कुणाची गाठ पडणं, रस्ता गावावरून जाणं. सापडेल तो अर्थ चिठ्ठीवर लिहायचे, दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर जायचे आणि चिठ्ठी त्यांच्या हातात कोंबायचे. त्या वाचून म्हणायच्या, “अगं, हा तर समदीकडं चरायलाय!”

त्याही रिकाम्या हाती येत नसत. एकदा आम्ही खाली रिक्षाजवळ उभ्या होतो. रिक्षावाले चाचा म्हणाले, “जल्दी बैठो आपा, गाडी रनिंग में है.” ताईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

“हिरवा! पोरी, हिरवा सापडला!”

चाचांनी भांबावून चौकातल्या सिग्नलकडे पाहिलं. “किधर हरा? अभी तो लाल है!”

एकूण किती झाले, असं मी एकदा चिठ्ठीवरच लिहून विचारलं.

“मी मोजत नाय. सासरे बी मोजत नव्हते. सांजच्याला मेंढरं आत घेताना नुसती नजर टाकायचे. कोण नाय ते दिसतंय.”

मला खरं वाटेना. मी सगळे अर्थ एका कागदावर उलटसुलट लिहिले, एक गाळला आणि कागद पुढं केला. त्यांचे ओठसुद्धा हलले नाहीत.

“तापवाला कुठंय?”

पुन्हा लिहिले. “रस्ता हरवला.”

पुन्हा. “ह्यात सारेच हायेत. फसवायलीस व्हय मला?”

टाळ्या पिटाव्यात असं वाटत होतं. मी नुसती मान हलवली.

ती जागा ताईंना मिळाली, हे आधीच सांगून टाकते. माझ्याच्यानं दम निघत नाही. त्यांच्या बाकावर आता कॉलेजची एक मुलगी बसते, ओळीनं याद्या लिहिते, आणि तिच्या वहीत मला काहीच सापडत नाही. पण सांगायचंय ते एका शनिवारच्या पाच मिनिटांबद्दल.

नावं त्या संध्याकाळपर्यंत कळवायची होती. सर माणूस वाईट नाहीत, पण पाठांतरावर त्यांची श्रद्धा. एकेकाला उभं करून ‘रन’चे वीस अर्थ ओळीनं म्हणायला लावत होते. पहिल्या बाकावरची मुलगी सतरापर्यंत पोचली. मग ताई उठल्या. पळणं झालं, चालवणं झालं, वाहणं झालं.

“पुढं?”

“सर, असं रांगेनं नाय येत. ते रांगेत नसत्यातच.”

वर्ग हसला. मधूनच कुणीतरी म्हणालं, “ताई, मेंढरंच बरी होती की!”

“व्हय. तुझ्यापरीस शांत असत्यात,” ताई म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

सर हसले नाहीत. “पुढच्या वेळी बघू, ताई. वाईट वाटून घेऊ नका.” आणि दुसऱ्या कुणाचं नाव लिहायला त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ताई बसल्या नाहीत. वही छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी नजर चुकवली असती. मांडीवरच्या वह्या धबाधब खाली पडल्या, तेव्हा कळलं की मी उठून उभी राहिले आहे. सगळा वर्ग मागं वळला. वाक्य मनात जुळवलेलं नव्हतं, तरी आलं, आणि केवढ्या मोठ्यानं आलं:

“सर, टोपण लावा! त्यांना म्हणायला नका सांगू. सगळे अर्थ फळ्यावर लिहा, त्यांना पाठमोरं उभं करा, एक अर्थ पुसा, मग वळायला सांगा आणि विचारा, कोण नाही?”