आधी कोण उठलं?

गोष्ट संपायला एखादं पान उरलं की बाई पुस्तकात बोट घालून ते मिटायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "आधी कोण उठलं?"

कोरेगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या, मी इतिहास. वर्ग शेजारी, मधली भिंत पातळ. त्यामुळे त्यांचे कितीतरी तास मी माझ्या मुलांसकट ऐकलेत. जुन्या कथा हा त्यांचा खास प्रांत. त्यातही गाव एक होऊन एखाद्याच्या जिवावर उठतं, अशा कथा. तुम्हीही शाळेत अशी एखादी वाचली असेल आणि परीक्षेनंतर विसरला असाल. बाई विसरू द्यायच्या नाहीत.

एका कथेत गावातली जनावरं मरायला लागतात. देवऋषी एका म्हातारीचं नाव घेतो आणि गाव तिच्या दारात जमतं. आधी कोण उठलं, म्हटल्यावर मुलं ठरलेली उत्तरं द्यायची. देवऋषी. पाटील.

"परत वाचा," बाई म्हणायच्या. "देवऋषी बसून आहे. पाटील तर घरातून निघालेलाच नाही. उठली ती शेजारीण. रोज हिच्याकडून ताक न्यायची, ती."

मुलं मागची पानं उलटून बघायची. भिंतीपलीकडे माझी मुलंही कान देऊन बसायची.

त्यांची ही सवय स्टाफरूममध्येही सुटायची नाही. प्राचार्यांची मीटिंग लांबली की सगळे चुळबुळत बसायचे. मग कुणीतरी एक फाइल उचलून उभा राहायचा आणि मागोमाग सगळे. जिन्यात बाई हळूच म्हणायच्या, "आधी कोण उठलं, पाहिलंस का? खेळाचे सर. आज घरी मटण आहे."

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हे लय जुनं हाय. आता असं कोन करतंय?"

"बरं," एवढंच बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.

त्यांच्या डाव्या मनगटावर एक पांढरा व्रण होता. मी नवीन असताना विचारलं होतं. डब्यातली भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "आमचे हे गेले तेव्हा बांगड्या फोडल्या ना. चुलतसासूचा नेम चुकला." कुणी आपली बस चुकल्याचं सांगावं, तसं.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. थोरल्या दिरांचा मुलगा गेला होता. सैन्यात होता, सुट्टीवर आला होता आणि हायवेवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं होतं.

"सासरी जायचंय, उंब्रजच्या पुढं. तुझी गाडी काढशील?"

वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. फक्त सातारा मागं पडल्यावर म्हणाल्या, "सून पोरच आहे अजून. बी.एड. करायचं म्हणत होती."

गावात शिरताना ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नवीन रंगवलेली अक्षरं दिसली. आमच्या गावात विधवा प्रथा बंद. बाईंनी ती वाचली आणि पदर सारखा केला.

अंगणात पुरुष उभे होते. मुलाच्या पलटणीतले दोघं-तिघं गणवेशात एका बाजूला होते. माजघरात बायका दाटीनं बसल्या होत्या. मधोमध ती मुलगी. रडून रडून आवाज गेलेला. दोन्ही हात तिनं पदराखाली पोटाशी घट्ट धरले होते. हिरव्या बांगड्यांची किनार तेवढी बाहेर दिसत होती. शेजारी तिची सासू, म्हणजे बाईंची थोरली जाऊ, भिंतीला डोकं टेकून बसली होती. पोटचा मुलगा गेलेली ती बाई कुणाकडेच पाहत नव्हती.

आम्ही टेकतो न टेकतो तोच कोपऱ्यातून चुलतसासू म्हणाली, "मास्तरीण आली का? बरं झालं. मला आता दिसत न्हाई. ह्या घरात इधवा म्हनून आता तूच थोर. उरकून घे."

कुणीतरी परड्यातून दगड आणला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला.

मी त्यांच्या मागे बसले होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मानेची शीर ताठलेली दिसत होती. सगळं घर त्यांच्याकडे पाहत होतं. बाहेरून एक पुरुषी आवाज आला, "आटपा. किती येळ?"

बाई मुलीकडे सरकल्या. तिची हनुवटी वर करून त्यांनी विचारलं, "तुला काय पाहिजे, बाळ?"

मुलीनं नुसती मान हलवली. नको, नको, नको.

बाईंनी पर्स उघडली, दगड आत टाकला आणि चेन लावली. एरवी हे पाहून मला हसू आलं असतं.

"मास्तरीण, आगं रीत हाय," चुलतसासू म्हणाली.

"व्हय आत्याबाई. म्हाईत हाय मला."

इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकली.

दोघी-तिघी पुढं सरकल्या. एक म्हणाली, "तुमाला जमत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आमी करतो." तिनं मुलीच्या पदराखाली हात घातला. बाईंनी मुलीची दोन्ही मनगटं आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि बांगड्यांवर आपले पंजे आवळले. थोरले दीर दारात येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले. मुलाच्या बापाला अशा वेळी काय बोलणार?

"मास्तरीणबाई, लोकं थांबल्यात. पलटनीची मानसं आल्यात. तमाशा नगा करू."

"भावजी, तुमचा ल्योक गेला. तिचा नवरा गेला. आज तिलाच मारायचं का?"

"मारतंय कोन? रीत हाय ती."

तेवढ्यात थोरली जाऊ उठली. चुलीजवळचा वरवंटा तिनं कधी उचलला, मला कळलंच नाही. "माझा गेला," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच मला भीती वाटली. "माझा गेला, आन हिच्या बांगड्या वाजत्यात."

वरवंटा बाईंच्या हातावर बसला. मग पुन्हा. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज आला. बाईंनी दात आवळले, पण मनगटं सोडली नाहीत. मुलगी ओरडली, "आत्याबाई, काकींचा हात हाय तो!"

जावेनं खाली पाहिलं. बाईंच्या बोटांतून रक्त मुलीच्या लुगड्यावर ओघळत होतं. वरवंटा तिच्या हातून सुटला. ती मटकन खाली बसली आणि बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून सकाळपासून पहिल्यांदा रडली. बाई रक्ताळलेला हात तिच्या पाठीवरून फिरवत राहिल्या. मग तीच म्हणाली, "भाईर सांगा, उचला त्याला. हिला कोन हात लावू नगा."

अशी ती मुलगी बांगड्यांसकट दारापर्यंत गेली.

गोष्टीत असतं तर हे इथंच संपलं असतं. पण भावकीनं बाईंना बोलावणं सोडलं. दिरांनी पुढं घरातल्या लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नाही. आणि तेरावं झाल्यावर त्या मुलीनं स्वतःच बांगड्या काढून ठेवल्या. ते ऐकून मी चिडले. एवढा हात मोडून घेतला तो कशासाठी, म्हणाले.

"तिनं काढल्या ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं."

वर्गात प्लास्टर पाहून मुलांनी विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं, "गाडीच्या दारात सापडला." मी स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे पाहिलं. "आक्काचं नाव निघायला नको," त्या म्हणाल्या. "तिचं पोर गेलं होतं त्या दिवशी." दोन बोटं वाकडीच जुळली. खडू नीट धरता येईना, म्हणून त्यांचं फळ्यावरचं अक्षर शेवटपर्यंत तिरकं राहिलं.

निवृत्तीनंतर त्या लेकीकडे सांगलीला गेल्या. त्या सुनेनं बी.एड. केलं, तिला नोकरी लागली. सुट्टीत ती बाईंकडे जायची. कधीमधी सासूलाही घेऊन जायची, सासऱ्यांना न सांगता.

गेल्या थंडीत बाई गेल्या. मी पोहोचले तेव्हा थोरली जाऊ आधीच येऊन उशाशी बसली होती. मला ओळखून तिनं जवळ बोलावलं.

"तुमी हुता न्हवं त्या दिवशी? हाताचं कालेजात काय सांगितलं हुतं तिनं?"

"गाडीच्या दारात सापडला म्हणाल्या."

चादरीखालून बाईंचा हात तिनं बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरून बसली. शववाहिनी आली, माणसं आत आली, तरी तिला सोडवेना. शेवटी सून खाली बसली. "आत्याबाई, जाऊ द्या काकींना," म्हणत तिनं सासूचं एकेक बोट हळूहळू सोडवलं.