सासरेबुवा चंद्रावर

ठिबकचा फिल्टर कितीही वेळा धुवा, पुढच्या वेळी उघडला की गाळ निघतोच. आमच्या दुकानातल्या रॉकेटच्या किश्शांचं तसंच झालंय. सगळे सांगून झाले असं वाटतं, तेवढ्यात कुणीतरी चहाला येतो आणि "तो टाक्यांचा सांग ना!" म्हणून स्टूल ओढून बसतो. बाकीचे पोट धरून हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू का, यातल्या बहुतेक किश्शांत मला लाज वाटते, आणि एकाची तर अजून वाटते.

आधी ओळख करून देतो. शहाद्यात विलासचं ठिबक आणि सोलर पंपाचं दुकान आहे. मी तिथं शेताचा नकाशा कॉम्प्युटरवर काढून पाइपलाइनचं डिझाइन करतो. त्याच कॉम्प्युटरवर सरांनी एक गेम टाकून दिला. सर म्हणजे ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवणारे आमचे मित्र. गेम असा, की सुटे भाग जोडून रॉकेट, गाड्या, चंद्रावरचे तळ, काय वाटेल ते बांधायचं आणि उडवून बघायचं. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. तेव्हा आम्ही चाळिशी ओलांडलेले तिघं शटर अर्धं ओढून अंतराळात जातो.

विलासचा नियम एकच. गेममध्ये जुना सेव्ह उघडून झालेली चूक पुसता येते, ते करायचं नाही. "वावरमा पाइप उलटा गाडेल ऱ्हायना त उकरनाच पडस ना? मंग आठे बी उकरा!" हा नियम तेव्हा मला फार आवडला होता.

*

पहिलं रॉकेट सरांनी बांधलं. स्पेसबार दाबत गेलं की आपण लावलेल्या क्रमाने एकेक गोष्ट होते. आधी इंजिन पेटतं, मग रिकाम्या टाक्या सुटतात, शेवटी पॅराशूट. सरांनी आम्हाला अर्धा तास क्रिया-प्रतिक्रिया समजावली, फळ्याच्या जागी पाइपच्या खोक्यावर आकृती काढली आणि रुबाबात स्पेसबार दाबला.

धूर नाही, आवाज नाही. रॉकेटच्या टोकावर भलंमोठं पॅराशूट उघडलं आणि खाली पसरलं. रॉकेट होतं तिथंच उभं!

विलास काही बोलणार तेवढ्यात सर चष्मा पुसत म्हणाले, "लँडिंग मात्र सुरक्षित झालं."

*

मग विलासची पाळी. त्याने मधे एक मोठी टाकी लावली आणि चहूबाजूंनी चार लहान. लहान टाक्यांतलं इंधन पाइपने मधल्या टाकीत यायला हवं, म्हणजे त्या आधी रिकाम्या होतात आणि मग खाली सोडून देता येतात. आता पाइप जोडणं तर आमचं पोटापाण्याचं काम! विलास म्हणाला, "तुम्हीन दोन्ही जन बाजूले व्हा." आणि त्याने मेन लाइन, सब-मेन करत सगळी जोडणी झटक्यात केली.

रॉकेट झकास चढलं. टाक्या सोडायची वेळ आली. चारही टाक्या काठोकाठ भरलेल्या खाली पडल्या आणि रिकामी टाकी घेऊन रॉकेट वर निघालं. थोडं गेलं आणि तेही टाक्यांच्या मागे आलं. सवयीने विलासने पाइप मधल्या टाकीतून बाहेरच्या टाक्यांकडे काढले होते, शेतात काढतो तसे.

आमच्या मागे एक शेतकरी कधी येऊन उभा राहिला होता, कळलंच नाही. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "विलासभाऊ, मन्हा वावरमा बी तुम्हीनच पाइप टाकेल शेत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास न बोलावता त्याच्या शेतावर जाऊन सगळी लाइन तपासून आला.

*

तिसरं माझं. मला रॉकेटपेक्षा मोठं काहीतरी करायचं होतं. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडे एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून जातात, तशी गाडी मी गेममधल्या चंद्रावर नेऊन उतरवली. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, सोळा चाकं. तीन आठवड्यांच्या दुपारी त्यात गेल्या.

नेमके त्या दिवशी आबा दुकानात आले. आबा म्हणजे माझे सासरे, राहणार कळसाडी. ऊस आणि कापूस करतात, आणि दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर रिव्हर्स घेणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे. मी मुद्दाम त्यांना खुर्ची दिली. म्हटलं, बघा आबा, चांदवरचं ट्रॅक्टर!

गाडी उतारावरून सुसाट निघाली. मी ब्रेक दाबला. मागची ट्रॉली उचलली गेली, पुढच्या ट्रॉलीवर बसली, पुढची ट्रॅक्टरवर बसली आणि सगळी वरात लोळत खड्ड्यात गेली.

आबा शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, दोन ट्रॉल्या जोडेल ऱ्हायन्यात त ब्रेक धीरे दाबना पडस. आते हाई बी मीच शिकाडू का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मलाही हसता आलं असतं. पण मला राग आला.

*

हा पुढचा किस्सा विलास सांगतो तेव्हा मी आत जाऊन पाइप मोजतो.

गेममध्ये अंतराळवीराला आपल्याला हवं ते नाव देता येतं. दुसऱ्या दिवशी मी एका अंतराळवीराचं नाव ठेवलं "आबा" आणि त्याला चंद्रावर पाठवलं. आबा उतरले, झेंडा लावला, परत यायला निघाले तर इंधन संपलेलं! मी कपाळावर हात मारून घेतला. विलास आणि सर इतके हसले की सरांना ठसका लागला. विलासने स्क्रीनचा फोटो काढला. करडी जमीन, पांढऱ्या कपड्यातलं बुटकं ध्यान, वर नाव "आबा", कोपऱ्यात इंधनाचा काटा. फोटो ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत तो कळसाडीला पोचला.

"आबा, चांदवर ऊस कितला वाढना?" "आबा, तठे पानीनी पाळी कवय येस?" गावाला काय, विषयच मिळाला. दोन दिवस आबाही हसले. तिसऱ्या दिवशी ते दूध घालायलासुद्धा बाहेर पडले नाहीत, गड्याला पाठवलं.

आणि अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. आमच्या खानदेशात अखाजीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. पण अशा उठून जात नाहीत. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. त्याला मुराई म्हणतात. सुरेखा, म्हणजे माझी बायको, ही एकुलती एक. भाऊ नाही, म्हणून दरवर्षी आबा स्वतः मुराई होऊन येतात. लग्नाला सतरा वर्षं झाली, एकदाही चुकले नाहीत.

सुरेखाने फोन करून विचारलं, कधी येता? आबा म्हणाले, "मी कसा येसू, बाई? मी त चांदवर शे."

सुरेखा हसली. आबा हसले नाहीत, त्यांनी फोन ठेवून दिला.

सर म्हणाले, त्यात काय, अंतराळवीराचं नाव बदलून टाका. मी बदललंही असतं. पण आबांनी लेकीकडून निरोप पाठवला होता. "नाव पुसानं नही. जठे सोडं तठून आनानं!"

*

अखाजीला बारा दिवस होते. पहिलं यान आम्ही बिनमाणसाचं पाठवलं, म्हणजे येताना जागा रिकामी. विलासने आणि मी मिळून बांधलं. अर्ध्या वाटेत त्याची बॅटरी संपली आणि ते आंधळ्यासारखं चंद्राच्या बाजूने निघून गेलं. सोलर पॅनेल लावायचंच राहिलं होतं.

सर उठून बाहेर गेले, दुकानाच्या पाटीवर "सर्व प्रकारचे सोलर पंप व पॅनेल" असं लिहिलंय ते वाचून आले आणि परत खुर्चीत बसले.

*

दुसरं यान चंद्रावर पोचलं, पण आबांपासून चाळीस किलोमीटर लांब. आता आबांना पायी न्यायचं. चालवायला एक बटण दाबून धरावं लागतं, आणि चाळीस किलोमीटर कोण दाबून धरणार? विलासने त्या बटणावर पाइपच्या वळणाचा लोखंडी एल्बो ठेवला. आबा चालू लागले आणि आम्ही चहा मागवला.

नेमकी सुरेखा माझा डबा घेऊन आली. तिने स्क्रीनकडे पाहिलं. एक बुटका माणूस एकटाच उजाड माळावर चालला होता, वर तिच्या वडिलांचं नाव.

"मन्हा बाप चांदवर पायी चाली ऱ्हायना, अन् तुम्हीन चहा पी ऱ्हायनात!"

डबा तिने टेबलावर ठेवला नाही, आदळला. ती गेल्यावर बघितलं, तर आबा यानाच्या बाजूने सरळ पुढे निघून गेले होते. त्यांना परत आणलं, तर यान उतरतानाच आडवं झालेलं. दार बरोब्बर खालच्या बाजूला.

घरी चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. भाकरी मिळत होती, बोलणं नव्हतं.

*

शेवटी, तिसरं यान बांधून झाल्यावर, मी कळसाडीला गेलो. आबा उसाला पाणी देत होते. बांधावर उभं राहून मी सांगून टाकलं, की इंधन संपलं ही चूक नव्हती. उडवायच्या आधी आकडा समोर दिसत होता, परतीला पुरणार नाही हे मला माहीत होतं. ट्रॉलीचा राग काढला मी तुमच्यावर. विलासला नाही सांगितलं, सुरेखालाही नाही. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, पाण्याकडे बघत होतो.

आबांनी दुसऱ्या सरीत पाणी वळवलं. मग म्हणाले, "माले मालूम शे. फोटोमा काटा दिखी ऱ्हायना व्हता."

इतक्या वर्षांचा ट्रॅक्टरवाला माणूस, तो आधी इंधनाचाच काटा बघणार! आणि समोरचा काटा मला दिसला नसेल, हे त्यांना कसं पटणार? आणि हे माहीत असून त्यांनी गावात, घरात, लेकीजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. मला तिथंच सरीत बसून घ्यावंसं वाटलं. परत निघताना त्यांनी विचारलं, "उद्या कितला वाजता उडस तुम्हनं यान? मी बी येस देखाले."

*

उद्या म्हणजे अखाजीच्या आदल्या दिवशी. आबा टोपी मांडीवर ठेवून माझ्या शेजारी बसले. या खेपेला बिनमाणसाचा धोका नको म्हणून यानात चालक होता, आणि चालकाला मी माझंच नाव दिलं होतं. यान देखणं उतरलं, आबांपासून पन्नास पावलांवर. सरांनी टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या कपड्यातले आबा तुरुतुरु चालत यानापाशी आले.

"मझार जागा कितल्या शेत?" आबांनी विचारलं.

"एक."

"अन् तीमा तुम्हीन बठेल शेत."

"हा आबा."

"मंग मी कोठे बठसू?"

दोन जागांचं यान जड होत होतं, म्हणून मी एक शक्कल लढवली होती. बाहेरून शिडी लावली होती. धडगावकडच्या जीपला मागे माणसं लटकतात, तसं आबांनी शिडी धरून लटकायचं. बांधताना ही शक्कल मला फार हुशारीची वाटली होती. आता तोंडाने सांगायची वेळ आली.

"आबा... तुम्हीन शिडीले धरी ठेवा."

विलासने खाली बघितलं. सर खिडकीबाहेर बघू लागले.

"सासरा बाहेर लटकेल, अन् जवाई मझार बठेल!" आबा म्हणाले. "गावमा हाई बी सांगू का?"

खरं सांगतो, शिडीवरचा माणूस पोचेलच याची खात्री नव्हती, आणि ते मला यान बांधतानाच ठाऊक होतं. मग मी दार उघडलं, स्वतःला बाहेर काढलं, आबांना आत बसवलं आणि स्वतः शिडीला लटकलो.

चंद्रावरून उडालो तेव्हा मी टिकलो. विलास ओरडला, "धरी ठेव भाऊ, धरी ठेव!" पृथ्वीकडे वळायला इंजिन दुसऱ्यांदा पेटलं, तसा माझा हात सुटला. यान पुढे गेलं. मी काळ्या आभाळात हातपाय हलवत मागे मागे राहिलो आणि ठिपका झालो.

पॅराशूट उघडलं. आबा हिरव्या जमिनीवर उतरले, दार उघडून बाहेर आले, उभे राहिले. खुर्चीतल्या आबांनी टोपी डोक्यावर घातली, खिशातून मोबाइल काढला आणि लेकीला फोन लावला.

"बाई, मी उनू. आते येस तुले लेवाले."

पलीकडून सुरेखाने काहीतरी विचारलं. आबांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"जवाईबापू? त्या वाटमाच उतरी ग्यात. तू पिशवी भर."