येऊन राहिला मागून

कवडू भिलाईत आला तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि भिलाई अजून व्हायची होती. साल सत्तावन्न. भंडाऱ्याकडून आलेली आठ-दहा घरं कॅम्प-1 मध्ये पत्र्याच्या खोल्यांत राहिली. त्यात कवडूचा बाप जानराव होता. आदल्याच वर्षी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, आणि आता नव्या पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या पायासाठी मुरूम खोदत होता. दोन खोल्या सोडून सुखराम राहायचा. तो जानरावच्याच तालुक्यातला, पण कुणब्यांतला. गावी या दोन घरांची विहीर एक नव्हती. इथे सगळ्यांना मिळून नळच एक होता. तरी सुखरामच्या बायकोनं, मैनाबाईनं, पहिली दोन वर्षं कवडूला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुढे नेमकं कधी घेतलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या पोराचं, तेजरामचं, आणि कवडूचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, तेव्हा ते होणारच होतं.

दोघं एका वयाचे. दोघं दुर्गच्या कॉलेजात जायला लागले. पॅसेंजर गाडी वाटेत खनिजाच्या मालगाड्यांसाठी तासतास उभी राहायची. मग तेजराम खाली उडी मारायचा. "चाल बे, पायीच जाऊ," म्हणायचा, आणि पायी म्हणता म्हणता रुळाकडेनं पळत सुटायचा. कवडू त्याच्या मागे. तेजराम उंच, सैल अंगाचा, पळतानाही तोंड चालूच. कवडू बुटका, दात आवळून पळणारा. कॉलेजातल्या पी.टी.च्या सरांनी या दोघांना एकदा घामानं भिजलेले, गाडीच्या आधी पोचलेले पाहिलं आणि मैदानावर नेलं. तीन वर्षांत कवडूनं तेजरामला एकदाही मागे टाकलं नाही. टाकावंसं वाटलंही नाही, असं तो सांगायचा. हे मात्र खरं नव्हतं.

पासष्टच्या जानेवारीत देशभरच्या विद्यापीठांची क्रॉस-कंट्री भिलाईत भरली. पंजाब, बंगाल, केरळ, कुठून कुठून पोरं आली. कॅम्पच्या पलीकडच्या माळावरून निघायचं, धानाच्या कापलेल्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, जामुलपर्यंत जायचं आणि नाला ओलांडून परत यायचं, असे दहा किलोमीटर. एकेका विद्यापीठाचे सहा जण पळणार, त्यातल्या पहिल्या चौघांचे नंबर धरणार. त्यांच्या विद्यापीठाच्या सहांत कवडू आणि तेजराम दोघंही होते. कारखान्यातल्या एका साहेबानं सरांना सांगून ठेवलं होतं की जो पोरगा चांगला नंबर काढेल त्याला खेळाडू म्हणून कायम नोकरीत घेऊ. सुखरामचं काम ठेकेदाराकडचं, बांधकाम संपलं की संपणारं. ते बोलणं तेजरामच्या घरात महिनाभर चाललं होतं.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी तेजरामला ताप भरला. दिवसाआड यायचा, थंडी वाजून. कवडूनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढून घेतला.

"सरले सांगून देऊ," तो म्हणाला.

"पागल झाला का? सांगशील तं काढून टाकतीन मले. एक दिवस पळाचं हाय, कवडू. मंग झोपतोच ना महिनाभर."

कवडूनं कोणाला सांगितलं नाही.

सकाळी धुकं होतं. पहिले पाच-सहा किलोमीटर तेजराम नेहमीसारखाच पुढे होता. फक्त बोलत नव्हता. जामुलच्या अंगाला वळल्यावर त्याची पावलं वाकडी पडायला लागली. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, उडी मारताना तो दोनदा धसकटांत पडला, उठला. नाल्याच्या अलीकडे तो थांबलाच, आणि धुऱ्यावर बसला. तोंड पांढरं, ओठ सुकलेले.

कवडू थांबला. बंगालचे दोघं शेजारून पुढे गेले.

"तू कावून थांबला?" तेजराम म्हणाला. "जाय. दम घेतो अन् येतोच मी."

"कोनाले सांगू का?"

"नको म्हनलं ना! जाय!"

कवडू गेला. नाला ओलांडला, तेव्हा पाणी गुडघ्याइतकंच होतं. पलीकडच्या चढावर लाल झेंडा घेऊन एक मास्तर उभे होते. त्यांना नुसतं हात करून सांगितलं असतं, मागे एक पोरगा बसला आहे, तरी झालं असतं. कवडूच्या तोंडात शब्द आले होते. पण सांगितलं तर तेजरामचं नाव कटेल, हे एक. दुसरं असं की त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं, पाय अजून हलके आहेत, पुढे बारा-पंधराच जण दिसतात, आणि आज पहिल्यांदा त्याच्यापुढे तेजराम नाही. तो झेंड्याशेजारून तसाच निघून गेला.

कॅम्पच्या टोकाला बायका रांगेनं उभ्या होत्या. मैनाबाई सगळ्यांच्या पुढे, हातात पाण्याचा लोटा.

"कवडू! तेजू कुठी हाय रे?"

"येऊन राहिला मागून!" कवडू ओरडला, आणि मान न वळवता पळत गेला.

तो अकरावा आला. विद्यापीठाचा तिसरा नंबर लागला. सरांनी त्याला उचलून घेतलं, कोणीतरी खांद्यावर टॉवेल टाकला. त्या गर्दीत त्याचे डोळे वाटेकडे लागलेले होते. पोरं येत राहिली, मग तुरळक झाली, मग बंद झाली. यादी घेऊन बसलेल्या माणसानं दोनदा मोजणी केली; एक नंबर कमी भरत होता. तेव्हा कुठे कवडू बोलला.

नाल्याकडे जीप निघाली. ती बांध्यांत अडकली. कवडू पायी पळाला, पण पायांत काही उरलं नव्हतं. शेवटचा पल्ला तो चालतच गेला. तोवर आसपासच्या शेतकऱ्यांनी तेजरामला बाहेर काढून काठावर ठेवलं होतं. तो पालथा पडला होता, म्हणाले. गुडघाभर पाण्यात. काठावर त्याचे कॅनव्हासचे बूट एकाशेजारी एक नीट काढून ठेवलेले होते, आत मोजे कोंबलेले. म्हणजे तो लगेच पडला नव्हता. मागची पोरं आणि झेंडेवाले मास्तर निघून जाईपर्यंत बसला असणार, मग तोंड धुवायला किंवा पाणी प्यायला उतरला आणि तापाच्या भोवळीत पडला असणार. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

तेराव्याला जेवणं उरकून लोक गेल्यावर कवडू मैनाबाईसमोर जाऊन बसला. जानरावनं त्याला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. सुखराम भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. कवडूनं सगळं सांगितलं. ताप, धुरा, झेंडेवाले मास्तर, काही गाळलं नाही.

मैनाबाई तांदळातले खडे निवडत राहिली.

"तापाचं मले मालूम होतं," ती म्हणाली. "पहाटे मीच काढा देला त्याले. नको जाऊ म्हनलं, तं हासला. मी बी मंग जोर नाही केला. नोकरी लागन म्हून."

कवडूला वाटलं, बोलणं इथंच संपेल. पण तिनं सूप खाली ठेवलं.

"पन मी तुले इचारलं होतं, कवडू. तू म्हनलं येऊन राहिला. म्हून मी थितंच उभी राहिली, लोटा घेऊन. नाला किती दूर होता? धा मिनिटं. मी गेली असती ना."

"मले वाटलं येईन तो, मावशी."

"तुले तसं काही नाही वाटलं. तुले थांबाचं नव्हतं."

तो उठला. तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

नोकरी कवडूला मिळाली. कारखान्याच्या रेल मिलमध्ये, जिथे रूळ बनायचे, कायम. नोकरी धावण्यासाठी दिलेली, म्हणून दर हिवाळ्यात कारखान्याच्या स्पर्धेत त्याला पळावं लागायचं. अर्ध्या वाटेपर्यंत ठीक पळायचा. मग मागे पाहायला लागायचा. एकदा, दोनदा, मग पावलागणिक, आणि पोरं त्याला टाकून पुढे जायची. दोन वर्षांनी साहेबांनी त्याचं नाव यादीतून काढलं. नोकरी राहू दिली. रुक्माशी लग्न झालं. तिला त्यानं हे काही सांगितलं नाही. कॅम्पातल्या बायकांनी सांगितलं.

मैनाबाई नळावर दिसायची. कवडू हंडा उचलून द्यायला पुढे व्हायचा, तशी ती हंडा काढून घेऊन दुसऱ्याच्या मागे जाऊन उभी राहायची. भांडण नाही, शिवी नाही. दोन वर्षांत एक शब्द नाही.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात ठेकेदाराचं काम आटोपलं आणि सुखरामचं नाव कटलं. कायम कामगारांत त्याला घेतलं नाही. वय झालं होतं, हातही थरथरायला लागला होता. दोघं गावी, भावाकडे परत निघाले. कवडू न बोलावता स्टेशनवर गेला. ट्रंक जड होती, सुखरामला उचलेना. कवडूनं ती डोक्यावर घेतली, डब्यात चढला, लोकांना सरकवून बाकाखाली ढकलली. पाण्याची सुरई खिडकीपाशी टेकवून ठेवली. सुखरामनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढला. कवडू उभाच राहिला. इतकी गर्दी होती की त्याला मैनाबाईच्या अगदी समोर उभं राहावं लागलं. सांगायचं तर खूप होतं, पण तेराव्याला सांगितलं त्याहून वेगळं त्यात काहीच नव्हतं.

गार्डची शिट्टी झाली.

"उतर," मैनाबाई म्हणाली. "गाडी सुटते."

तो उतरला. गाडी गोंदियाच्या बाजूला निघून गेली. कवडूला दोनची पाळी होती. तो फलाटावरून तसाच मिलकडे गेला.