बाबांकडे लोखंडी हातोडा का नाही?

आज खडकीला माहेरी गेले होते. आईच्या नव्या कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकायचा होता, म्हणून बाबांकडे हातोडा मागितला.

त्यांनी नेहमीचाच दिला, बाभळीच्या लाकडातून स्वतः तासलेला. वापरून वापरून दांडा गुळगुळीत झालाय, हातात मस्त बसतो. पण खिळे ठोकून तोंडाची पार चाळण झालीय.

"बाबा, एक लोखंडी का नाही आणत?" इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच विचारलं.

"लाकडाने ठिणगी पडत नाही."

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झाले. तिथे ठिणगी म्हणजे काय, हे सांगायला नको. "पण इथे हॉलमध्ये काय पेटणार आहे?" मी विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "पण हात ऐकत नाही."

आतून आईचा आवाज आला, "म्हणून तर लग्नापासून गॅस मीच पेटवतेय."

बाबा हसले. मला मात्र आमची दिवाळी आठवली. घरात कधी साधी फुलबाजीसुद्धा आली नाही, आणि का, ते आम्ही विचारलं नाही.

तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तूबद्दल अजून कोणी 'का' विचारलेलं नाही?