अंजनाबाईंचा पदर

मालिशीला बसण्याआधी अंजनाबाई हातातल्या सगळ्या काचेच्या बांगड्या काढून वाटीत ठेवायच्या. बाळाच्या अंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. मग भिंतीला पाठ टेकून पाय लांब करायच्या, बाळाला नडग्यांवर घ्यायच्या आणि तेलाला हात न लावता नुसत्या बघत राहायच्या. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांनी माय न्हाऊ घातली, मग तिची लेकही न्हाऊ घातली, अशी कितीतरी घरं होती. त्यांना घाई केलेली खपायची नाही. "आधी पायनं, मंग तेल," म्हणायच्या.

मी माहेरी, अकोल्याला बाळंत झाले. रेवा चार किलोच्या वरची होती, खांदा अडकला आणि तिला ओढून काढावं लागलं. डावा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, मानेजवळची नस ताणली गेली आहे, बहुतेक मुलांचं आपोआप सुधारतं, पण लक्ष ठेवा. त्यातलं 'बहुतेक' आणि 'पण' आम्ही घरी येईपर्यंत गाळून टाकलं.

पहिल्या दिवशी अंजनाबाईंनी रेवाचं डोकं तळहातावर धरून किंचित खाली सोडलं. रेवा दचकली. उजवा हात झटकन उघडला, डावा तसाच पडून राहिला. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं आणि तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"लेकरू भ्यालं का दोनी हात फाकवते. हिनं एकच फाकवला. या हाताले मी जोर लावत नाई."

आई चकित झाली. "अहो, त्या हातासाठीच तर तुमाले बोलावलं!"

"मालिशीनं नस जुळत नाई, बाई. मालिशवालीच सांगून राहिली ना तुमाले."

मला संताप आला. वाटलं, बाई अंग चोरतेय, उद्या काही झालं तर नाव नको म्हणून हात झटकतेय. त्या मात्र रोज आल्या. सगळ्या अंगाला रगडून तेल लावायच्या आणि डावा हात तेवढा हलकेच पुसून, दुपट्यात नीट आवळून छातीशी ठेवायच्या. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. त्यांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

सव्वा महिन्यानं मी अमरावतीला सासरी आले. सासूबाई दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. त्यांनी दुसरी मालिशवाली शोधली. ती डावा हात धरून कानापर्यंत ओढायची आणि रेवा किंचाळायची. त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायचे. चटणी वाटून झाली तरी लावायचे. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, आणि सांगताना आजही लाज वाटते.

रेवाची बोटं हलायची. बोटं हलतात म्हणजे हात येतोय, असं आम्ही घरात ठरवून टाकलं होतं. दर सोमवारी अंजनाबाई आपल्या सुनेच्या फोनवरून एकच प्रश्न विचारायच्या.

"कोपर वाकलं काय?"

"बोटं छान हलतात, मावशी."

"म्या बोटाचं इचारलं नाई."

चौथ्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला आणि नागपूरच्या नसांच्या सर्जनच्या नावे चिठ्ठी दिली. म्हणाले, कोपर अजून वाकत नाही, म्हणजे नस नुसती ताणलेली नाही, तुटलेली असावी, फार थांबू नका. नस तुटून बराच काळ गेला की स्नायू सुकतात, मग नस जोडूनही उपयोग होत नाही. ती सहा महिन्यांची व्हायच्या आत निर्णय घ्या. घरी आल्यावर सासूबाईंनी ती चिठ्ठी वाचली. "एवढ्याशा जीवाच्या मानेवर सुरी? मी हाये तोपर्यंत नाही," एवढंच बोलल्या. माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, चिठ्ठीची घडी घातली. मी ती कपाटात ठेवली आणि दिवस पळू लागले. तोंडाने मात्र आम्ही बोटं किती छान हलतात त्याचं कौतुक करत राहिलो.

रेवाला पाचवा महिना संपत आला होता. एका सकाळी दारात अंजनाबाई. अकोल्याहून पहिल्या बसने निघालेल्या, न बोलावता आलेल्या. चहा नको म्हणाल्या. बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि रेवाला मांडीवर घेतलं.

"पाह्य आता," म्हणाल्या आणि रेवाच्या तोंडावर त्यांनी लुगड्याचा पदर टाकला.

रेवाने उजव्या हाताने तो लगेच ओढून काढला. "दिसली माही माय, दिसली!" अंजनाबाई म्हणाल्या. रेवा खिदळली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्याही हसल्या.

मग अंजनाबाईंनी रेवाचा उजवा हात आपल्या मुठीत धरला आणि पुन्हा पदर टाकला.

"एक. दोन. तीन."

पदराखाली रेवा हसत होती. तिला खेळ वाटत होता. चारला डावा खांदा हलला. पाचला बोटं लुगड्यावर उघडमीट करू लागली, कशाला तरी धरू बघत होती. हात जागचा हलला नाही. सात म्हणेपर्यंत हसणं थांबलं होतं. माझ्या मनात आलं, पुढे होऊन पदर काढावा, आणि अंजनाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जागीच थिजले. नऊला रेवा रडायला लागली. दहा म्हणून त्यांनी स्वतःच पदर काढला, तिला छातीशी घेतलं आणि सासूबाईंकडे वळल्या.

"बाई, म्या एका लेकराच्या हाताची वाट पायली. चौदा महिने रगडला. येते, येते, असं त्याच्या मायले म्याच सांगत होती. डाक्टरकडे जाऊ नोको, असं बी म्याच म्हणलं. थो आता मोठा बाप्या झाला. कुठी भेटला का मले नमस्कार करते. एका हातानं करते. थ्याले माहीत नाई, कोणाले करून राहिला थे. तुमाले पायजे काय असा नमस्कार?"

सासूबाई आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. त्यांनी चिठ्ठी आणून प्रशांतच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "आजच फोन लाव."

नागपूरला शस्त्रक्रिया झाली. पायातली एक नस काढून मानेजवळच्या तुटलेल्या नसेत जोडायची, असं सर्जननी समजावलं होतं. सात तास लागले. बाहेरच्या बाकावर एका टोकाला सासूबाई जप करत होत्या, दुसऱ्या टोकाला अंजनाबाई दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून बसल्या होत्या. दार उघडलं की तिघी एकदम उभ्या राहायचो. बाहेर आलेल्या सर्जनला अंजनाबाईंनी सरळ विचारलं, "कोपर केव्हा वाकन?"

"नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आजी. सहा-आठ महिने लागतील. पूर्ण हात येईलच, असं वचन देत नाही."

"खरं बोलला पोरगा," अंजनाबाई मला म्हणाल्या. "तवा म्या असं बोलली असती तं बरं झालं असतं."

तीन आठवडे रेवाचा हात अंगाशी बांधलेला होता. नंतर रोजचे व्यायाम सुरू झाले आणि महिन्यातून एकदा अकोल्याची खेप. दर वेळी पदर पडायचा, दर वेळी दहा आकडे. सात महिने दहापर्यंत मोजणं झालं. मी आशा सोडत चालले होते. मी तसं म्हटलं की अंजनाबाई चिडायच्या. "कापसाची पऱ्हाटी रोज उपटून पायते काय कोणी? काहून एवढी घाई?" आठव्या महिन्यात, आठ म्हणताना, रेवाचं कोपर थरथरत वाकलं आणि दोन बोटांत पदराचा काठ आला. पदर सरकला. अंजनाबाई 'दिसली' म्हणायला गेल्या आणि त्यांना बोलताच येईना. रेवा मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.

आता रेवा पाच वर्षांची आहे. डावा हात खांद्याच्या थोडा वर जातो, त्याहून वर जात नाही. वेणी मी घालते. पण ती दोन्ही हातांनी पोळी तोडते, आणि नमस्कार करते तेव्हा मी तिच्या हातांकडे बघत राहते.

गेल्या उन्हाळ्यात अंजनाबाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा त्यांना ओट्यावर ठेवलं होतं. हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या आणि उन्हामुळे तोंडावर पदर ओढलेला होता. मी रेवाचा हात घट्ट धरला होता, तरी ती सुटली. त्यांच्यापाशी जाऊन बसली. तिने आपला उजवा हात पाठीमागे नेला, खेळाचा नियमच तसा होता. मग डावा हात पुढे केला. खांद्यातून उचलत, हळूहळू, जीभ दातांत धरून. काठ दोन बोटांत आला. पदर खाली आला.

रेवा त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली. ती थांबूनच राहिली, तेव्हा मी खाली बसले आणि म्हणाले, "दिसली माही माय, दिसली."