पंधरा पावलांवरचं अंडं

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि रविवारी पॅसेंजरने होटगीला उतरून माळावर माळढोक पक्षी मोजत होते. बाईमाणूस गळ्यात दुर्बीण अडकवून उन्हातान्हात हिंडते, याची स्टाफरूममध्ये भरपूर टिंगल व्हायची. मग दिल्लीहून पत्र आलं. पक्ष्यांची गणना आणि संरक्षण या विषयावर तिथे आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती आणि मला निबंध वाचायला बोलावलं होतं. सोबत स्लाइड्स असाव्यात, असंही लिहिलं होतं. टिंगल एका दिवसात बंद झाली आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

माळढोकाचं घरटं मला एका धनगर मावशींनी दाखवलं. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर एकच अंडं. मादी एका वेळी एवढं एकच घालते. ते गेलं की बहुधा वर्ष गेलं. ते दिसल्यापासून मावशींनी त्या बाजूला मेंढरं नेणंच सोडलं होतं. दुष्काळात त्यांचा निम्मा कळप गेला होता. तरी समोरचं गुडघाभर गवत सोडून त्या मेंढरं लांबच्या खडकाळ उतारावर हाकत न्यायच्या. नवरा चिडायचा. "पिल्लू निगू दे, मग गवत कुटं पळून जातंय?" एवढंच त्या म्हणायच्या.

मी शहरातल्या एका स्टुडिओवाल्याला घेऊन गेले. अंड्यापासून पंधरा पावलांवर आम्ही कॅमेरा लावला. मादी उठली आणि लांब जाऊन मान उंच करून उभी राहिली. आम्ही अर्ध्या तासात आटोपलं, तशी ती परत येऊन बसली. मला हायसं वाटलं. पण रोल धुतल्यावर कळलं, आभाळ भरलेलं असल्यामुळे सगळे फोटो काळपट आले होते. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो, तर मावशी आडव्या आल्या.

"बाई, आज नगं. लई बुजलीया ती. बसू द्या की तिला."

"मावशी, थोडाच वेळ. परदेशातले लोक बघणार आहेत हे."

"मग त्यास्नी पिल्लूच दावा की. आता निगंलच."

मी ऐकलं नाही. ऊन लख्ख पडलं होतं, परिषद तोंडावर आली होती. स्टुडिओवाला कोन बदलत राहिला आणि मी 'अजून एक, अजून एक' करत राहिले. दोन तास गेले. मादी उडाली ती दिसेनाशी झाली. तिसऱ्या रविवारी मी एकटीच गेले. अंडं जागेवरच होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. मादी त्या दिवसानंतर फिरकलीच नव्हती. एवढंच मावशींनी सांगितलं. त्यांची मेंढरं आता त्याच गवतात चरत होती.

दिल्लीत माझी स्लाइड पडद्यावर आली आणि सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. फोटो खरोखरच सुरेख होता. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर परदेशी शास्त्रज्ञाने विचारलं, कॅमेरा किती अंतरावर होता? मी सांगितलं, पंधरा पावलं. मग त्याने विचारलं, पिल्लू सुखरूप बाहेर आलं ना?

"हो," मी म्हणाले. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं. त्याने मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं.

शेवटच्या दिवशी परिषदेच्या शिफारशी वाचून दाखवल्या. अंड्यावर बसलेल्या पक्ष्याचे फोटो किती अंतरावरून काढले तर त्याला धोका नाही, असा त्यात एक मुद्दा होता. माळढोकासाठी पंधरा पावलं, आणि आधार म्हणून माझा निबंध. कुणाची हरकत आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. मी उठायला हवं होतं. पण मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही शिसारी येते.

परतल्यावर महिनाभर मी होटगीला गेले नाही. शेवटी गेले तेव्हा मावशी बांधावर बसून भाकरी खात होत्या. त्यांनी अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.

"काय म्हनली तिकडली मानसं? त्या अंड्याचं सांगितलं न्हवं? फोटूपायी गेलं म्हनून?"

मी भाकरीचा घास घेतला, तोवर त्याच पुढे म्हणाल्या, "बरं केलं बाई. शिकली-सवरली मानसं हायती ती. आता दुसरीकडं तरी कुनी एवढ्या जवळ जायाचं न्हाय."

घास तोंडात तसाच होता. मी म्हणाले, "हो मावशी. सगळं सांगितलं."