गेटवरची स्कूटर

मंडळी, आज संध्याकाळी विश्रांतवाडीत आमच्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला गेलो. तोच शाळेचा वर्ग, तीच बुटकी बाकं.

गेटबाहेर एक मुलगी दिसली. गळ्यात कंपनीचं आयकार्ड, फोन कानाला. दहा मिनिटं नुसतं "हं, हं" चाललं होतं.

मला माझी स्कूटर आठवली. पेजरच्या काळात याच गेटवर ती बिघडल्याचं नाटक करत मी किका मारत होतो. आत जायची लाज वाटत होती आणि घरी जायची त्याहून जास्त.

तेव्हा ग्रुपमधले वसंतराव बाहेर आले. म्हणाले, "अहो, पेट्रोलचा कॉक बंद ठेवून किती किका माराल? आत या, चहा निवतोय."

वसंतराव आता नाहीत. म्हणून आज मीच गेटपर्यंत गेलो. तेवढ्यात तिच्या कानावरचा फोन खरंच वाजला! ती ओशाळली, मग दोघंही हसलो.

"आत या, चहा निवतोय," मी म्हणालो.

"मी पाचच मिनिटं बसेन हं, काका."

"मीसुद्धा पाचच मिनिटांसाठी आलो होतो."